सायीच्या रंगाची गाडी

आमच्या घरी बाबांची वाट पाहण्याची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी होती. बाबा बोटीवर, इंजिनरूममध्ये. वर्षातला बहुतेक काळ ते समुद्रावरच असत. ते यायची चाहूल लागली की आई घर उपसायला काढायची. डबे घासायची, गाद्या उन्हात टाकायची, तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करायची आणि ‘हे त्यांना आवडतं तसं झालं नाही’ म्हणून आम्हालाच वाढून टाकायची. माझी मोठी बहीण शालूताई शिवणाच्या मशीनवर बसायची. तिचा पाय एकदा चालू झाला की थांबायचा नाही. घरातले पडदे, उशांचे अभ्रे, शेजारणींचे ब्लाउज, सगळं एका दमात. आणि मी माझ्या गाड्या कपाटातून काढायची, पुसायची, पुन्हा लावायची, पुन्हा काढायची. रत्नागिरीत मांडवीला घर असल्यामुळे समुद्राचा आवाज कानात कायमचाच. त्यात मशीनचा खडखडाट आणि परतणाऱ्या लाँचींची डुगडुग. त्या घरात शांत बसलेलं माणूस मला आठवतच नाही.

गाड्या म्हणजे खेळण्यातल्या, पण नुसत्या खेळण्यातल्या म्हटलं तर मला आजही राग येतो. त्या धातूच्या होत्या, ओतीव. हातात घेतली की वजन लागायचं. दरवाजे उघडायचे, बॉनेट उघडायचं आणि आत इंजिनाचा एकेक भाग कोरलेला असायचा. दिव्यांच्या जागी बारीक चमचमते खडे. वरून हलकेच दाबलं तर गाडी जराशी खाली बसून वर यायची, खरी गाडी खड्ड्यातून गेल्यावर येते तशी. पोटावर ज्या देशात बनली त्याचं नाव उठावाच्या अक्षरांत. ताईला बाबांनी पहिल्यांदा बाहुली आणली होती. माझ्यासाठीही बाहुलीच आणली, पण मी तिचे हातपाय सोडवून आतला रबराचा पट्टा कसा बसवलाय ते बघत बसले. तेव्हा बाबा आईला म्हणाले, “हिला बाहुली नको. हिला यंत्र दे.” पुढच्या खेपेला लाल बंब आला, त्याची शिडी फिरायची. मग दुमजली बस. मग लाकडाचे ओंडके वाहणारा लांबलचक ट्रक. गंमत म्हणजे सगळी हयात इंजिनांत घालवलेल्या माझ्या बापाला गाडी चालवता येत नव्हती. जमिनीवर ते एसटीच्या खिडकीजवळ बसत आणि ड्रायव्हरच्या हातांकडे बघत राहत.

आता माझ्याकडे भिंतभर गाड्या आहेत. मोबाइलवर आमचा संग्राहकांचा गट आहे. त्यात नाशिकचे, मडगावचे, कुठकुठले लोक ‘एकास त्रेचाळीस’, ‘एकास चौसष्ट’ अशी प्रमाणं सांगत असतात. त्या वयात मला प्रमाण-बिमाण काही ठाऊक नव्हतं. खाऱ्या हवेनं चाकांचे आस गंजू नयेत म्हणून मी खोबरेल लावायची. त्यानं टायरचं रबर चिकट होतं हे कळायला पुढं किती वर्षं गेली! पण संग्रहाची ओढ मात्र तेव्हाच जडली होती. कपाटात दोन गाड्यांच्या मध्ये रिकामी जागा दिसली की मला चैन पडायचं नाही. वर्गात बसलेली असताना ती रिकामी जागा डोळ्यांसमोर यायची. बाबा आता कुठल्या बंदरात असतील, तिथं दुकान असेल का, असलं तर उघडं असेल का, असं मनात सारखं चालायचं. आई म्हणायची, “हिच्या अंगात मुंग्या आहेत मेलीच्या.”

सायीच्या रंगाची गाडी आली त्यानंतर काही दिवस मात्र त्या मुंग्या निवल्या होत्या. तशी गाडी मी पुन्हा पाहिली नाही. चारही दारं उघडायची. मागची डिकी उघडली की आत जादा चाक. आतल्या सीटा तांबड्या, आणि पुढच्या टपावर एका बाजूला बोटानं दाब दिला तर पुढची चाकं त्या बाजूला वळायची. बाबांनी ती सदऱ्यात गुंडाळून आणली होती. “दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको,” एवढंच म्हणाले आणि महिन्याभरात पुन्हा बोटीवर गेले.

त्याच सुमारास, तुळशीचं लग्न झाल्यावर, ताईला चिपळूणजवळच्या अलोऱ्याचं स्थळ आलं. आणलं ते आमच्या भाऊमामानं, आईच्या भावानं. मुलगा विनायक, तिथल्या धरणाच्या प्रकल्पात विजेच्या कामावर, राहायला वसाहतीतलं क्वार्टर, घरात फक्त आई. ताई तेव्हा बालवाडीत शिकवायची. आधीची दोन-तीन स्थळं ‘कळवतो’ म्हणून गेलेली कळवायला परत आलीच नव्हती. त्यामुळे आईचा जीव टांगणीला लागला होता. मामा म्हणाला, “मुलगा लाखात एक हाय. डोळे झाकून दे.” आई म्हणाली, “हे घरी नाहीत, तर डोळे झाकून कशी देऊ?” तरी तिनं बोलावणं धाडलं. बाबा परतेपर्यंत बोलणी पक्की झालेली असावीत, असं तिच्या मनात होतं.

पाहुणे आले ते तिघं. विनायक, उंच, सावळा, शर्टाचं वरचं बटण लावलेला आणि सारखा गळ्याशी बोट नेणारा. त्याची आई, खमकी बाई, घरात शिरल्याबरोबर कौलांपासून फरशीपर्यंत बघून घेणारी. आणि एक लहान पोरगा, चार-पाच वर्षांचा. “हा माझ्या थोरल्याचा,” ती म्हणाली. “थोरला मुंबईत. पोर आमच्याकडं असतो. दीपू, काकाजवळ बस.” पोरगा विनायकाजवळ बसला. विनायकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. ताईनं पोहे आणले, ओल्या खोबऱ्याचे, आणि नारळाच्या वड्या. शिक्षण, स्वयंपाक, शिवण असे नेहमीचे प्रश्न झाले. मामा एकटाच मोठमोठ्यानं हसत होता. आणि मधेच तो पोरगा रडायला लागला. मोठ्यानं नाही. तोंड उघडं, डोळे माझ्या कपाटावर, आणि नुसतं पाणी गळतंय.

“काय झालं रे दीपू?” विनायकाच्या आईनं विचारलं.

“काका,” तो विनायकाकडे बघून म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “काका.”

“गाडी हवी असेल त्याला,” ती बाई घाईघाईनं म्हणाली. “पोराचा जीव अडकला हो. द्या की एक. एवढ्या आहेत.”

मी जागची उठले तोवर आईनं कपाट उघडलंसुद्धा होतं. हाताला आली ती गाडी तिनं काढली. इतक्या गाड्यांतून नेमकी सायीच्या रंगाची. मी “आई, ती नको!” म्हणाले, तर तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की माझा आवाज आतच राहिला. पोरानं गाडी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. त्याचं रडं थांबलं. पाहुणे गेले.

ते फाटकाबाहेर पडल्याबरोबर मी जे काही घर डोक्यावर घेतलं ते विचारू नका. आईनं बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एका खेळण्यापायी बहिणीचं लग्न मोडायचंय काय तुला?” ताई मशीनवर बसली होती, पण मशीन चालत नव्हतं. ती म्हणाली, “नंदा, तो मुलगा गाडीसाठी रडत नव्हता.” मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर कपाटातली ती मोकळी जागा होती.

दोन दिवसांत अलोऱ्याहून होकार आला. आईनं साखर वाटली. मी ती तोंडातही घातली नाही. मला जेवण जाईना. रात्री कूस बदलताना वाटायचं, आता त्यानं दार उपटलं असेल, आता चाक काढलं असेल. आठवड्याभरात माझ्या मनाचं ठरलं. शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम आहे असं आईला सांगितलं, बाबांनी खाऊसाठी दिलेले पैसे दप्तरात टाकले, आणि सकाळची चिपळूण गाडी पकडली. चौदा वर्षांची होते. एकटी हातखंब्याच्या पुढं कधी गेले नव्हते. संगमेश्वर गेलं, सावर्डा गेलं. खिडकीतून तांबडी माती आणि वाळलेलं गवत पळत होतं, आणि मी तिथं गेल्यावर काय बोलायचं त्याची वाक्यं मनात जुळवत होते. ‘आमची गाडी चुकून दिली गेली.’ ‘बाबा आलेत आणि विचारतायत.’ एकही वाक्य पुरं होत नव्हतं. चिपळूणच्या स्टँडवर अलोऱ्यावरून पोफळीकडे जाणारी गाडी विचारून घेतली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, “कुणाकडं गो बाय?” मी म्हणाले, “बहिणीकडे.” तेवढंच एक वाक्य सरळ आलं.

वसाहतीत सगळी घरं सारखीच, पिवळ्या भिंतींची, ओळीनं उभी. नळावर एक बाई कपडे पिळत होती. तिला विनायकाचं नाव सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “दीपूच्या आईच्या माहेरची काय तू?” ती म्हणाली. “चेहरा नाही तसा. ते बघ, तुळशीपुढचं दार.” दीपूची आई तर मुंबईत. मला ते बोलणं थोडं विचित्र वाटलं, पण डोक्यात गाडी होती, त्यामुळे ते तसंच गळून गेलं.

दार उघडंच होतं. दीपू उंबऱ्यात बसून माझी गाडी फरशीच्या भेगेवरून चालवत होता. पुढचं एक दार गेलेलं. टपावरच्या रंगाचे टवके उडून खाली राखाडी धातू दिसत होता.

“ही माझी गाडी आहे,” मी म्हणाले. जुळवलेलं सगळं विसरून एवढंच आलं.

त्यानं मला ओळखलं. “बाबांना विचार,” तो म्हणाला.

“तुझे बाबा मुंबईला ना?”

“नाय. आंघोळ करतायत.”

आणि मोरीचं दार उघडून, खांद्यावर टॉवेल टाकून, विनायक बाहेर आले. त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी होती, दिवसा घरी असत. ते मला बघून थबकले. दीपूनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. एवढ्याशा पोराला आपल्या हातून काहीतरी मोठं सांडल्याचं कळलं होतं. तो उठला आणि गाडी माझ्यापुढं धरली.

“मी बाबा म्हटलं,” तो म्हणाला. “आता परत द्यायची ना?”

“म्हणजे?” मी विचारलं.

“त्या दिवशी काका म्हणायचं होतं. मी दोन वेळा नीट म्हटलं. म्हणून मिळाली.”

विनायक तिथंच, ओल्या अंगानं, खाली बसले. नळावरचं पाणी बादलीत पडल्याचा आवाज येत होता. एवढी तीन तासांची वाट मी ज्या गाडीसाठी तुडवली ती माझ्यासमोर होती, हात पुढं केला की माझी. माझा हात पुढं झालाच नाही.

“नाही,” मी म्हणाले. “ती तुझीच. ठेव.”

विनायकांनी सदरा घातला, मला आत बसवलं. त्यांची आई खेडला भाचीकडे गेली होती. त्यांनी स्वतः कुळथाची पिठी केली, भात केला, माझ्यापुढं ताट ठेवलं. पुरुषानं रांधून वाढलेलं ते मी जेवलेलं पहिलं जेवण. दीपूला कालवून भरवता भरवता ते बोलत होते, माझ्याकडे न बघता. दीपूची आई तो रांगत असताना तापानं गेली होती. “तुमच्या मामांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, मी घरात कानावर घालतो, तू बोलू नको. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मग तुमच्याकडे यायच्या सकाळी आई पोराला काका म्हणायला शिकवत होती, तेव्हा कळलं की कुणीच सांगितलेलं नाही.”

“मग तुम्ही का नाही सांगितलंत?”

त्यांनी घास दीपूच्या तोंडाजवळ तसाच धरला. “धीर झाला नाही,” ते म्हणाले. “घरी सांग सगळं. आणि रविवारी मी येतो म्हणावं.” मग ते दीपूला कडेवर घेऊन मला चिपळूणपर्यंत सोडायला आले आणि रत्नागिरीच्या गाडीत बसवून कंडक्टरला दोनदा बजावलं.

घरी पोचले तोवर दिवेलागण झाली होती. शाळेत तालीम नसल्याचं आईला केव्हाच कळलं होतं. शेजारपाजारचे मांडवीचा किनारा शोधून आले होते. आईनं आधी माझ्या मुस्काटात दिली आणि मग मला छातीशी धरलं. तिच्या छातीशी तोंड असतानाच मी सगळं सांगून टाकलं. तिचे हात हळूहळू सैल पडले. तिनं मामाला बोलावून घेतलं. तो आला तोच पाय आपटत.

“सांगितलं असतं तर तुम्ही बघायला तरी बोलावलं असतं काय?” तो म्हणाला. “माणूस चांगला हाय. पोराचं काय, पोर वाढतं.”

“भाऊ, तू माझ्या लेकीला सांगितलं नाहीस!” आई म्हणाली. ती मामावर कधी आवाज चढवायची नाही. त्या संध्याकाळी चढवला. “स्थळ मोडलं म्हणून कळव त्यांना. आत्ताच.”

“थांब, आई,” ताई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “ते रविवारी येणार आहेत ना? येऊ देत.”

मधले दिवस कसेबसे गेले. आई भांडी आपटायची. ताई मशीनला हात लावत नव्हती. ती ओटीवर उभी राहायची, आत यायची, पुन्हा बाहेर जायची. मला तिच्याकडे बघून भीती वाटायची, कारण येरझाऱ्या घालणं हे माझं काम होतं, तिचं नव्हतं. मी एकदा विचारलं, “तुला राग आलाय?” ती म्हणाली, “कशाचा आलाय ते शोधतेय.”

रविवारी विनायक आले, दीपूला घेऊन. आई बाहेर आलीच नाही. ताई पायरीवर गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. मी खिडकीच्या गजांना नाक लावून होते.

“मला फसवलंत,” ताई म्हणाली. “ते एक वेळ मी गिळेन. पण भरल्या घरात या पोराला तुम्ही आपला म्हटलं नाहीत. तो दोनदा काका म्हणाला. रडत म्हणाला. आणि तुम्ही पोहे खात होतात.”

विनायकांनी मान वर केली नाही. “खरंय,” ते म्हणाले.

“उद्या मला मूल झालं, तर याला पुन्हा काका म्हणायला शिकवाल?”

“नाही.”

“कशावरून?”

ते उगीच काही बोलले नाहीत, शपथा घातल्या नाहीत; नुसते उभे राहिले. मला वाटतं, तेच ताईला पटलं असावं. पण ती पुढं काय म्हणेल याचा मला अंदाज नव्हता.

“पुन्हा या,” ती म्हणाली. “बघायला. पहिल्यापासून. तुमच्या आईंना घेऊन या. आणि ओळख नीट करून द्या. मग मी काय ते सांगेन.”

आणि खरोखरच दुसऱ्यांदा बघण्याचा कार्यक्रम झाला. मांडवीत असं कुणी ऐकलं नव्हतं. तीच ओटी, त्याच खुर्च्या. फक्त मामा नव्हता. विनायकांच्या आईनं पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि आईच्या नजरेला नजर न देता म्हणाली, “हा दीपू. आमच्या विनायकाचा मुलगा. आई नाही त्याला.” एवढं बोलायला तिला किती जड गेलं ते तिच्या कपाळावरच्या घामावरून दिसत होतं. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन आली. रीतीप्रमाणे पहिली बशी मुलाच्या आईला द्यायची. ताईनं ती दीपूच्या मांडीवर ठेवली, गुडघ्यावर बसून विचारलं, “खोबरं आवडतं ना रे?” त्यानं विनायकांकडे बघून, परवानगी घ्यावी तसं, हळूच म्हटलं, “बाबा, खाऊ?”

“खा,” विनायक म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

माझ्या आईनं डोळ्यांना पदर लावला. लग्न ठरलं ते त्या घडीला. बोलणी वगैरे सगळं नंतर.

ताई आता थकलीय. चिपळूणला असते, दीपूकडेच. तिला पुढं मुलगी झाली, ती पुण्यात. दीपू साठीकडे झुकलाय, आणि तो आईला साखर खाऊ देत नाही म्हणून ती मला फोन करून त्याच्या तक्रारी सांगते. मागून त्याचा आवाज येतो, “मावशी, ऐकू नको तिचं!” भावोजी गेले त्याला बरेच दिवस झाले. ते शेवटपर्यंत कमी बोलले, पण चारचौघांत दीपूची ओळख करून देताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा चढलेला असायचा. कधीकधी तर गरज नसतानाही ते करून देत.

बाबा लग्नाच्या जेमतेम आधी पोचले होते. आईनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि मामाचं नाव निघालं तेव्हा फक्त चहाचा कप जरा जोरात खाली ठेवला. जेवण झाल्यावर कपाटासमोर उभे राहिले. मोकळी जागा त्यांना दिसली असणारच. मी भिंतीला टेकून, आता काय विचारतात म्हणून बघत होते. ते ओटीवर जाऊन बसले. मंडपात दीपूला खांद्यावर घेऊन ते बराच वेळ फिरले, आणि पाठवणीनंतर पुन्हा बोटीवर गेले.

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा ताई, भावोजी आणि दीपू अलोऱ्याहून आले होते. बाबांनी बॅग ओटीवरच उघडली. एक हिरवी गाडी काढली, मोठ्या दिव्यांची, मागं सामानाची जाळी असलेली. मी हात पुढं केला. त्यांनी बॅगेत पुन्हा हात घातला आणि अगदी तशीच दुसरी काढली. दोन्ही माझ्यापुढं धरल्या. “एक तुझी, एक दीपूची,” ते म्हणाले. “तू निवड.” त्यानंतर प्रत्येक खेपेला ते जोडीच आणत गेले. त्या दिवशी माझ्या शेजारी दीपू उभा होता, हात पाठीमागं बांधून, माझ्या तोंडाकडे बघत. मी दोन्ही गाड्या अंगणात उन्हात नेल्या, उलट्यासुलट्या करून पाहिल्या, आणि जिचा रंग तसूभर जास्त चांगला बसला होता, ती स्वतःला ठेवली.